लिहायचं पानभर, पुसायचं वहीभर

पेन ड्राइव्ह गाण्यांनी गच्च भरला, तर तो रिकाम्या पेन ड्राइव्हपेक्षा जड होतो का? लहान मुलं हा प्रश्न हमखास विचारतात आणि मोठी माणसं तो हसण्यावारी नेतात. प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. वीज नसतानाही आत काहीतरी टिकून राहतं, म्हणजे ते कशाच्या तरी रूपात असणारच. ते रूप म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि इलेक्ट्रॉनला वस्तुमान असतं. तरीही पेन ड्राइव्ह जड होत नाही, कारण हे इलेक्ट्रॉन बाहेरून आणलेले नसतात. चिपमधल्याच सिलिकॉनमधून उचलून ते काही नॅनोमीटर पलीकडे, एका भिंतीआड नेऊन ठेवलेले असतात. सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलं म्हणून घराचं वजन वाढत नाही, त्यातलाच प्रकार.

हे भिंतीआड ठेवणं कसं जमतं, एवढं कळलं की फ्लॅश मेमरीचं, म्हणजे पेन ड्राइव्हमधल्या या साठवणीचं, निम्मं कोडं सुटतं. उरलेलं निम्मं मला जास्त गमतीचं वाटतं. या मेमरीवर लिहिता येतं एका मापाने आणि पुसता येतं वेगळ्याच, कितीतरी मोठ्या मापाने. पेन ड्राइव्ह, मोबाइलचं स्टोरेज, कॅमेऱ्यातलं कार्ड, लॅपटॉपमधली एसएसडी, या सगळ्यांच्या बऱ्यावाईट सवयी बहुतांशी या एका विषमतेतून आलेल्या आहेत.

आधी भिंत बघू. चिप ज्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरांची बनते, त्यातला एकेक म्हणजे विजेचा नळ समजा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवाह जाऊ द्यायचा की नाही, हे वरच्या गेटला (नळाची चावीच म्हणा) दिलेलं व्होल्टेज ठरवतं. ठरावीक व्होल्टेज मिळालं की नळ उघडतो, कमी पडलं की बंद. अशा साध्या ट्रान्झिस्टरला स्मरणशक्ती नसते. व्होल्टेज काढलं की खेळ खलास. १९६७ साली बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी या नळात एक भर घातली. वरचं गेट आणि खालचा सिलिकॉनचा मार्ग यांच्या मधोमध त्यांनी आणखी एक गेट बसवलं आणि त्याला एकही तार जोडली नाही. चहूबाजूंनी वीज अडवणारा थर आणि आत वाहक पदार्थाचं एकटं बेट. याला फ्लोटिंग गेट म्हणतात. ते खरोखरच अधांतरी असतं.

या बेटावर इलेक्ट्रॉन नेऊन बसवले की ते तिथे अडकून पडतात. त्यांचा भार ऋण असल्यामुळे वरच्या गेटला दिलेल्या व्होल्टेजचा जोर ते मधल्यामध्ये खातात. नळाची चावी जड होते म्हणा ना. आधी जेवढ्या व्होल्टेजला नळ उघडत होता, तेवढ्याला तो आता दाद देत नाही. वाचन करायचं ते यावरूनच. मधलंच एखादं व्होल्टेज देऊन बघायचं: प्रवाह वाहिला तर बेट रिकामं, नाही वाहिला तर भरलेलं. रिकामं म्हणजे १ आणि भरलेलं म्हणजे ०. हे उलटं वाटतं खरं, पण प्रथा तशी पडली आहे. कोऱ्या फ्लॅश चिपवर जिकडेतिकडे १ असतात, आणि लिहिणं म्हणजे त्यातल्या हव्या त्या १ चे ० करणं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता खरा प्रश्न. बेटाला तार नाही, दार नाही, मग इलेक्ट्रॉन आत शिरतात कुठून?

भिंतीतून. फोडून नव्हे, वरून उडी मारूनही नव्हे, थेट आरपार. आपल्या रोजच्या जगात असं काही घडत नाही, म्हणून याला चपखल दृष्टान्त देता येत नाही, आणि ओढूनताणून दिला तर दिशाभूल होते. क्वांटम सिद्धान्तानुसार इलेक्ट्रॉन हा नुसता गोळा नसून त्याला लाटेचे गुण असतात. लाट भिंतीपाशी आली की जागच्या जागी संपत नाही. भिंतीच्या आत ती झपाट्याने विरत जाते. भिंत जाड असेल तर पलीकडे पोचेपर्यंत काहीच उरत नाही. पातळ असेल तर थोडीशी शिल्लक राहते, म्हणजेच इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची थोडीशी शक्यता उरते. फ्लॅशमधली ही भिंत सिलिकॉन डायऑक्साइडची, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते त्याच पदार्थाची, आणि जाडीला ८ ते १० नॅनोमीटर. एरवी एवढी जाडी इलेक्ट्रॉन रोखून धरायला पुरेशी असते. पण वरच्या गेटला २० व्होल्टच्या आसपास दाब दिला की या इवल्याशा जाडीवर जे विद्युतक्षेत्र पडतं, ते सेंटिमीटरमागे कोटभर व्होल्टच्या घरात जातं. तेवढ्या ओढीपुढे भिंत इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने बारीक होते आणि ते पार होऊ लागतात. हे गणित राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ सालीच मांडलं होतं. धातूतून इलेक्ट्रॉन कसे निसटतात हा त्यांचा विषय होता. मेमरी चिप तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

दाब काढला की भिंत पुन्हा जाड. आत गेलेले आत राहतात, वीज असो वा नसो, वर्षानुवर्षं. उलट्या दिशेने दाब दिला की बेट रिकामं. आता यूएसबीतून तर ५ व्होल्टच मिळतात, मग २० आणायचे कुठून? त्यासाठी चिपच्या आतच चार्ज पंप नावाचं एक छोटं सर्किट असतं. ते थोडा थोडा भार वर चढवत जाऊन दाब वाढवतं.

इतकं सगळं १९७० च्या दशकातच हाताशी होतं. इंटेलमध्ये डव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये ईप्रॉम ही पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिप बनवली होती. तिच्यावर विजेने लिहिता यायचं, पण पुसण्यासाठी चिपवरच्या काचेच्या खिडकीतून काही मिनिटं अतिनील प्रकाश सोडावा लागायचा. नंतर विजेनेच पुसता येणारी ईईप्रॉम आली. तिच्यात हवं ते एकेक अक्षर पुसता येत असे. सोय उत्तम, पण त्या सोयीपायी प्रत्येक घरात, म्हणजे एक बिट (एक ० किंवा १) साठवणाऱ्या जागेत, आणखी एक ट्रान्झिस्टर घालावा लागे. चिप मोठी आणि महाग होई.

तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी इथे जे केलं ते मला फार आवडतं, कारण त्यांनी नवं काही जोडण्याऐवजी होती ती सोयच काढून टाकली. एकेक अक्षर पुसायचा हट्ट सोडा, ढीगभर घरं एकदम पुसा, असा त्यांचा विचार. मग प्रत्येक घराला वेगळा ट्रान्झिस्टर लागत नाही, एकातच भागतं, आणि तेवढ्याच सिलिकॉनवर कितीतरी जास्त साठवता येतं. एका झटक्यात सगळं पुसलं जातं हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि तेच नाव पडलं. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या परिषदेत मासुओकांनी ही मेमरी मांडली. १९८७ मध्ये त्यांनी तिचा आणखी दाटीवाटीचा प्रकार आणला, तो म्हणजे नँड. आज साठवणीसाठी वापरली जाते ती हीच. पुढे मोबदल्यावरून त्यांनी आपल्या जुन्या कंपनीवर खटला भरला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. शोधाचा आवाका पाहता ही रक्कम किरकोळच म्हणायची.

नँडमध्ये ट्रान्झिस्टर मण्यांसारखे एका माळेत ओवलेले असतात. प्रत्येक मण्याला स्वतंत्र जोडणी नाही. जोडणी फक्त माळेच्या दोन टोकांना. त्यामुळे तारांची जागा वाचते. मधला एक मणी वाचायचा तर बाकीचे सगळे नळ जोर लावून पूर्ण उघडायचे, म्हणजे प्रवाह वाहतो की नाही हे केवळ त्या एकावर ठरतं. अशा हजारो माळांमधले एका ओळीत येणारे मणी मिळून होतं एक पेज. साधारण १६ किलोबाइटचं. आणि अशी शेकडो किंवा हजारो पेजेस मिळून एक ब्लॉक, जो काही मेगाबाइटचा असतो. वाचायचं नि लिहायचं एकेक पेज. पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक. पानावर लिहा, पण खोडायचं असेल तर पूर्ण वही कोरी करा, असा हा कारभार.

वेळेचा हिशोबही तितकाच विषम आहे. पेज वाचायला काही दशक मायक्रोसेकंद, लिहायला काही शे मायक्रोसेकंद, ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद, म्हणजे काही हजार मायक्रोसेकंद.

आता समजा, तुम्ही एका जुन्या पत्रातला एक शब्द दुरुस्त केला आणि सेव्ह केलं. त्या जागी काही ० चे १ करावे लागणार, आणि ते तर पुसल्याशिवाय होत नाही. पुसायचं तर ब्लॉकमधली बाकीची हजारो पानंही जाणार. म्हणजे ती आधी दुसरीकडे उतरवून घ्या, ब्लॉक पुसा, सगळी परत लिहा. एका शब्दासाठी एवढा उपद्व्याप रोज करणं परवडणारच नाही. म्हणून प्रत्येक ड्राइव्हमध्ये कंट्रोलर नावाचा एक छोटा संगणकच बसवलेला असतो, आणि तो एक साळसूद थाप मारतो. कॉम्प्युटर सांगतो, “अमुक क्रमांकाच्या जागी हे लिही.” कंट्रोलर म्हणतो, “लिहिलं.” प्रत्यक्षात त्या जागेला त्याने हातही लावलेला नसतो. नवा मजकूर तो कुठल्या तरी कोऱ्या पानावर लिहितो, जुन्या पानावर ‘रद्द’ अशी नोंद ठेवतो आणि आपल्या नकाशात पत्ता बदलतो. कॉम्प्युटरला दिसणारा क्रमांक आणि चिपमधली खरी जागा यांचा संबंध फक्त या नकाशापुरता.

असं करता करता रद्द पानांचा कचरा साठतो. मग कंट्रोलर सवड मिळेल तेव्हा आवराआवर करतो: ज्या ब्लॉकमध्ये रद्द पानं जास्त, त्यातली थोडी कामाची पानं दुसरीकडे उतरवतो आणि तो ब्लॉक पुसून कोरा करतो. ड्राइव्ह काठोकाठ भरला की तो मंद का होतो, याचं उत्तर इथे आहे. मोकळी जागाच नसेल तर आवराआवर तुमच्या डोळ्यांदेखत, तुम्ही लिहीत असतानाच करावी लागते. म्हणूनच बहुतेक एसएसडीत थोडी जागा तुम्हाला न दाखवता राखून ठेवलेली असते. या उलाढालीमुळे तुम्ही जितकं लिहिता त्याहून जास्त प्रत्यक्ष चिपवर लिहिलं जातं, ते वेगळंच.

या सगळ्यात एक मेख होती. तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम फक्त आपल्या यादीतून तिचं नाव खोडते. ड्राइव्हला याचा पत्ताच नसतो. तो बापडा ती मेलेली फाइल कामाची समजून इकडून तिकडे वाहत राहतो. यावर उपाय म्हणून ट्रिम नावाची आज्ञा आली. “या जागांची आता गरज नाही,” एवढंच ती कळवते. ही आज्ञा चालू असलेल्या एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल परत मिळवणं बहुधा अशक्य होतं, कारण कंट्रोलर त्या जागी रिकामं उत्तर द्यायला लागतो आणि सवडीने पुसूनही टाकतो. साध्या पेन ड्राइव्हमध्ये आणि कार्डांमध्ये मात्र बऱ्याचदा ट्रिम चालत नाही, तिथे आशेला जागा असते. चुकून फोटो उडाले तर त्या कार्डावर एक अक्षरही नवं न लिहिता ते बाजूला काढून ठेवायचं, हा सल्ला त्यामुळेच.

उलट बाजूही बघा. गुप्त फाइलवर वरून दुसरं काहीतरी लिहून ती नष्ट करायची, ही हार्ड डिस्कच्या काळातली युक्ती इथे फसते. तुम्ही ‘त्याच जागी’ लिहिता ते पडतं भलत्याच पानावर, आणि मूळ मजकूर कुठल्या तरी रद्द पानावर तसाच पडून राहू शकतो. खात्रीने पुसायचं तर ड्राइव्हला स्वतःचीच पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. किंवा पहिल्या दिवसापासून सगळं कूटबद्ध करून ठेवायचं आणि शेवटी किल्लीच नष्ट करायची.

झीज हा यापुढचा विषय. इलेक्ट्रॉन भिंतीतून दरवेळी ओढून नेताना भिंतीत बारीक बारीक दोष तयार होतात. काही इलेक्ट्रॉन बेटावर न पोचता भिंतीतच रुतून बसतात, काही ठिकाणी गळतीच्या वाटा पडतात. काही हजार वेळा लिहून पुसलं की भरलेलं आणि रिकामं यातला फरक अंधुक होऊ लागतो. एकाच ब्लॉकवर सारखं लिहिलं तर तो लवकर मरेल, म्हणून कंट्रोलर सगळ्या ब्लॉक्सना पाळीपाळीने कामाला जुंपतो. ‘साळसूद थाप’ इथेही कामी येते: पत्ता आणि जागा यांची फारकत झालेलीच आहे, तेव्हा कुठे लिहायचं हे ठरवायला तो मोकळा असतो.

किती वेळा लिहिता येतं, हे मात्र आपल्या लोभावर अवलंबून आहे. बेट नुसतं भरलेलं की रिकामं एवढंच न बघता ते किती भरलंय हे मोजलं, तर एका घरात एकाहून जास्त बिट मावतात. दोन बिटांसाठी ४ पातळ्या, तीन बिटांसाठी ८, चार बिटांसाठी १६. बिट एकेकाने वाढतात, पण पातळ्या दुपटीने, आणि त्या सगळ्या तेवढ्याच व्होल्टेजच्या पट्ट्यात कोंबायच्या. दोन शेजारच्या पातळ्यांमधलं अंतर इतकं कमी होतं की मोजक्या इलेक्ट्रॉनच्या गळतीने वाचन चुकतं. एक बिटाच्या घरावर लाखभर वेळा लिहिता येत असे, तीन बिटांच्या घरावर साधारण १ ते ३ हजार वेळा, आणि चार बिटांच्या घरावर हजारभर किंवा त्याहून कमी. लिहायलाही वेळ जास्त लागतो, कारण थोडे इलेक्ट्रॉन टाका, मोजा, पुन्हा थोडे टाका, असं चाचपडत जावं लागतं. मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला वेग भन्नाट असतो आणि मग अचानक कोसळतो, हे पाहिलंय ना? ड्राइव्ह आधी काही घरं एकबिटी पद्धतीने भराभर भरून घेतो. ती संपली की खरा, मंद चेहरा दिसतो.

हजार हा आकडा ऐकून घाबरू नका. एक टेराबाइटच्या ड्राइव्हवर हजार वेळा म्हणजे एकूण १००० टेराबाइट. आवराआवरीच्या जास्तीच्या लिखाणात त्यातलं निम्मं गेलं असं धरलं आणि तुम्ही रोज ५० जीबी लिहीत असलात, तरी १०,००० दिवस होतात. सत्तावीस वर्षं. घरगुती वापरात एसएसडी झिजून मरण्याआधी बहुधा कंटाळा येऊन बदलली जाते.

घरं लहान करत करत एक वेळ अशी आली की बेटावर मोजकेच इलेक्ट्रॉन मावू लागले आणि शेजारी शेजाऱ्याच्या कामात लुडबुड करू लागला. मग जमीन संपल्यावर जे करतात तेच इथे केलं: मजले चढवले. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची चिप बाजारात आणली. आता थरांची संख्या २०० च्या पुढे गेली आहे. त्या उभ्या रचनेत बहुतेकांनी वाहक बेटाला रजा देऊन सिलिकॉन नायट्राइडचा थर घेतला. बेटाला एके ठिकाणी गळती लागली की सगळेच इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. नायट्राइडमध्ये प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या जागी रुतलेला असतो, त्यामुळे एका भोकाने सगळं जात नाही. एक टेराबाइटच्या तीनबिटी ड्राइव्हमध्ये अशी अडीच लाख कोटींहून जास्त घरं असतात. त्यातली सगळी बिनचूक चालतील अशी अपेक्षाच कुणी धरत नाही. प्रत्येक पेजसोबत तपासणीचे जादा बिट लिहिलेले असतात, आणि कंट्रोलर वाचताना चुका हेरून दुरुस्त करतो. तुमच्या नकळत, क्षणोक्षणी.

मात्र हे सगळं वीज असताना. खणात पडलेल्या ड्राइव्हमध्ये आवराआवर करायला कुणी जागं नसतं, आणि इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतच असतात. उष्णतेत हा वेग वाढतो. नवी भिंत त्यांना अनेक वर्षं धरून ठेवते, जुनी झिजलेली तितकी नाही. घरगुती एसएसडीसाठी उद्योगाने ठरवलेलं मानक असं: ठरल्याइतकं लिखाण होऊन आयुष्य संपत आलेला ड्राइव्ह ३० अंश सेल्सिअस तापमानात विजेविना एक वर्ष तरी मजकूर टिकवू शकला पाहिजे. एक वर्ष, आणि तेही किमान. मी माझे जुने फोटो पेन ड्राइव्हवर टाकून निवांत होत असे, ते हे वाचल्यापासून बंद केलं. वरचेवर जोडून, सगळं दुसरीकडे नव्याने उतरवून घेतलं तर गोष्ट वेगळी.

आणि नकली पेन ड्राइव्ह. इथे कंट्रोलरची थाप साळसूद राहत नाही. ड्राइव्ह किती मोठा, हे कॉम्प्युटर स्वतः मोजत नाही. तो कंट्रोलरला विचारतो आणि सांगेल ते खरं मानतो. आत १६ जीबीची चिप घालून कंट्रोलरला “मी एक टेराबाइट आहे” असं म्हणायला शिकवलं की काम झालं. पहिले १६ जीबी सुरळीत जातात. त्यानंतरचा मजकूर एकतर जुन्याच्या डोक्यावर बसतो किंवा हवेत जातो, आणि कंट्रोलर प्रत्येक वेळी शांतपणे “लिहिलं” म्हणत राहतो. फाइलींची नावं, तारखा, आकार सगळं यादीत नीट दिसतं. उघडायला गेलं की आत भलतंच निघतं. याची परीक्षा एकच: नवा ड्राइव्ह हाती आला की तो काठोकाठ भरायचा, आणि मग पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत परत वाचून मूळाशी ताडून बघायचा. हे काम करणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत. रात्री लावून झोपायचं, वेळ लागतो.